आमच्याकडे सूर्य दोनदा उगवतो

गिरणगावातल्या आमच्या चाळीत पश्चिमेच्या खोल्यांना सकाळचं ऊन कधी ठाऊक नव्हतं. ते आता येऊ लागलंय, आणि तेही पश्चिमेकडून. रस्त्यापलीकडे गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला. पूर्वेचा सूर्य त्या काचांवर आपटतो आणि साडेआठ-नऊच्या सुमारास आमच्या गॅलरीत, तिथून थेट देव्हाऱ्यात शिरतो. भूगोलाच्या पुस्तकात याची सोय नाही, पण दुसऱ्या मजल्यावरच्या आबांनी ती करून घेतली. पूर्वी अर्घ्य द्यायला त्यांना गुडघे सांभाळत गच्ची गाठावी लागे. हल्ली ते गॅलरीतच तांब्या घेऊन उभे राहतात. त्यांचा नातू त्याच टॉवरमध्ये एका बँकेत कामाला आहे. तो एकदा म्हणाला, "आबा, तुमचा सूर्य बाराव्या मजल्यावर उगवतो. तिथं आमचा एचआर बसतो. तुम्ही रोज सकाळी एचआरला अर्घ्य देताय."

आबा म्हणाले, "तू कायम झालास ना? मग गप बस."

एका टॉवरने ऊन दिलं, तर दुसऱ्याने ते काढून घेतलं. हा दुसरा पूर्वेला आहे. त्याचे मजले मोजायला आम्ही सुरुवात केली होती, पण मान दुखायला लागल्यावर तो नाद सोडला. त्याची खरी उंची कळते ती मार्च-एप्रिलमध्ये, मसाल्याच्या दिवसांत. लालबागची मसाला गल्ली आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून बेडगी, संकेश्वरी, पांडी अशा मिरच्या आणायच्या, देठ काढायचे, गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात टाकायच्या, मग धणे, दगडफूल, नागकेशर, जावित्री वगैरे मंडळी भाजून सगळं डंकावर कुटून आणायचं. वर्षाचं तिखट म्हणजे आमच्याकडे फिक्स्ड डिपॉझिट. त्यातलं 'दोन दिवस कडक उन्हात' हे कलम आता पाळता येत नाही.

सकाळी पूर्वेच्या टॉवरची सावली अख्ख्या गच्चीवर आडवी पडलेली असते. ती सव्वादहाला पश्चिमेच्या कठड्यावरून मागे सरू लागते आणि पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायला तिला अकरा वाजतात. मग दुपारी दोनपर्यंत ऊन. दोनला पश्चिमेचा टॉवर आपली सावली पाठवतो. चारच्या सुमारास त्याच्या आणि शेजारच्या इमारतीच्या फटीतून अर्धा तास उन्हाची एक तिरकी पट्टी येते. चाळीतल्या बायकांनी ह्या सगळ्याचा अभ्यास केला आणि गच्चीवर खडूने रेघा मारून वेळा लिहिल्या. कठड्याची जागा लवकर उघडते आणि लवकर मिटते, टाकीची उशिरा उघडते आणि उशिरा मिटते. चारच्या पट्टीवर कोणाचाच कायमचा हक्क नाही, ती ज्याच्या घरी लग्नकार्य असेल त्याला. वेधशाळेनेही इतक्या बारकाईने काम केलं नसेल. तरी दोन दिवसांच्या कामाला चार दिवस लागतातच. तळमजल्यावरच्या मावशींनी टॉवरच्या बिल्डरकडून उन्हाची भरपाई मागावी असा प्रस्ताव मांडला आणि तो चाळीच्या सभेत एकमताने मंजूरही झाला. नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची ह्यावर गाडी अडली आहे.

कारण पत्ता ही इथली दुसरी भानगड. पोस्टमनसाठी आम्ही ना. म. जोशी मार्ग, बाकी सगळ्यांसाठी डिलाईल रोड. पश्चिम रेल्वेने या तर लोअर परळ, मध्य रेल्वेने या तर करी रोड. त्या करी रोडचं लालबाग करावं असा ठराव 2024 साली विधिमंडळात झाला. आणि त्याच जमिनीवर घरं विकणारी टाय लावलेली पोरं जाहिरातीत आमचा उल्लेख 'अप्पर वरळी' असा करतात. जमीन तीच, गटार तेच, पाणी पहाटे येतं तेही तेवढंच. असो. डिलिव्हरीवाल्या पोरांनी ह्यावर उपाय काढलाय. ते फोनवर फक्त विचारतात, "काचवाला की चाळवाला?" आणि बरोबर दारात येतात.

मिरच्या भाजायच्या दिवशी चाळीत शिंका येतात. त्या आम्ही पिढ्यानपिढ्या देत आलोय. पण वारा असला की खाट टॉवरच्या पोडियमवर जाते. तिथं तरणतलाव आहे. दोन वर्षांपूर्वी तिथला सुरक्षा अधिकारी वॉकीटॉकी घेऊन चाळीत आला आणि गॅस गळती कुठून होतेय ते विचारू लागला. मावशींनी त्याला आत बोलावून कढई दाखवली. त्याला सात शिंका आल्या. साताऱ्याकडचा निघाला. जाताना पाव किलो तिखट घेऊन गेला आणि वर 'गळती आटोक्यात' असं कळवलं. चार दिवसांनी टॉवरमधल्या एक बाई स्वतः आल्या. आम्ही भांडणाच्या तयारीत. त्या म्हणाल्या, आमच्या बाल्कनीतून तुमची गच्ची दिसते, ते लाल-लाल गालिच्यासारखं काय असतं? त्यांनी घर घेताना सी व्ह्यूचे पैसे मोजले होते. पुढे समुद्राच्या आणि त्यांच्या मधोमध आणखी एक टॉवर आला. आता व्ह्यू म्हणून आम्हीच उरलो. त्या दरवर्षी दोन किलो मसाला नेतात, आणि तो त्यांच्या स्वयंपाकघरात वापरते कोण, तर आमच्याच तिसऱ्या मजल्यावरची वहिनी, जी तिथं पोळ्या करायला जाते. मसाला लिफ्टने जातो, वहिनी सर्व्हिस लिफ्टने.

हे सगळं झालं कसं, ते नव्या पोरांना सांगताना आमचे काका नेहमी 18 जानेवारी 1982 पासून सुरुवात करतात. त्या दिवशी दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. काका त्यातले एक. तो संप फसला, पण रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. त्यामुळे कागदोपत्री काका अजून संपावर आहेत. काकू म्हणतात, "संपावर आहेत ते बरंय, दळण आणायला माणूस मोकळा राहतो." पुढे 1991 साली सरकारने नियम केला, की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे पाडा. एक मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. ऐकायला अगदी भाऊबंदकीतली न्याय्य वाटणी. 2001 साली त्यात बदल झाला आणि ठरलं, की वाटे पडतील ते फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या, ती शेड पाडल्यावरही वाटणीत येणार नाही. आता गिरणीत रिकामी जागा ती किती? काका म्हणतात, कॅन्टीनमागे एक बदामाचं झाड होतं, त्याखाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2006 साली तिथेही हा बदल टिकला, आणि मैदानांच्या जागी आम्हाला मॉल मिळाले. फिनिक्स गिरणीची चिमणी मात्र मॉलवाल्यांनी राखून ठेवली आहे. तिच्याखाली उभं राहून लोक फोटो काढतात. काका तिथून जाताना आजही वर बघतात, धूर नाही म्हणजे सुट्टी आहे असं समजतात, आणि एसीत एक चक्कर मारून येतात.

काकांचं खरं पुनर्वसन केलं ते एका कॅफेने. आमच्या नाक्यावरचा किराणावाला दुकान विकून डोंबिवलीला गेला आणि त्या गाळ्यात कॅफे आला. विटांची भिंत मुद्दाम उघडी ठेवलेली. गिलावा पडला की आम्ही म्हाडाकडे अर्ज करतो. ह्यांनी तो पैसे देऊन पाडून घेतला. आत गिरणीची सजावट. छताला बॉबिनचे दिवे, भिंतीवर लाकडी धोटे. काका साचाखात्यातले. काचेतून त्यांना ते दिसलं आणि राहवेना. आत जाऊन त्यांनी मॅनेजरला सांगितलं, की तो धोटा उलटा लावलाय, आणि बॉबिन तर त्रासनखात्यातल्या आहेत, त्या साच्याजवळ टांगल्या तर मुकादम दोघांनाही बडवेल. मॅनेजर पंचविशीचा. त्याला वाटलं, मालकांनी सजावट तपासायला कोणी तज्ज्ञ पाठवलाय. त्याने काकांना बसवलं, कॉफी दिली, आणि वहीत सगळं टिपून घेतलं. धोटा सुलटा झाला.

तेव्हापासून काका तिथे अधूनमधून पाहणीला जातात. कॉफी कडू असते आणि कपात पानाचं चित्र काढलेलं असतं, ह्याबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे ती पावाबद्दल. तो दोन दिवस आंबवलेला, चामड्यासारखा चिवट पाव कॅफेत ज्या किमतीला एक मिळतो, त्यात बेकरीतून अख्ख्या मजल्याचे पाव येतील, शिवाय वर चार खारी. मॅनेजरने सांगितलं, की हा हाताने केलेला आहे. काका म्हणाले, "अरे, मग तो बेकरीवाला काय पायाने करतो?" मागच्या महिन्यात मॅनेजरने विचारलं, रविवारी सकाळी गिऱ्हाइकांना गिरणीच्या आठवणी सांगाल का? 'हेरिटेज ब्रंच' आहे. काकांनी अटी घातल्या. हजेरीची नोंद पाहिजे, तासापेक्षा कमी बोलणार नाही आणि जास्तही नाही, जास्त झालं तर ओव्हरटाइम दुप्पट. आणि बदली कामगार म्हणून नाही, कायम म्हणून घ्या. प्रकरण वाटाघाटीत आहे. संपाचा अनुभव असल्यामुळे काका घाईत नाहीत.

गणपतीची वर्गणी हा मात्र आमच्या मंडळाचा कसोटीचा सामना. पूर्वी पावतीपुस्तक घेऊन पाच पोरं जिना चढली की काम व्हायचं. टॉवरमध्ये जिना कुठे आहे तेच कोणाला माहीत नाही. गेटवर मोबाइलमध्ये नोंद करावी लागते. तिथे 'भेटीचं कारण' ह्या रकान्यात चारच पर्याय: डिलिव्हरी, कॅब, पाहुणे, घरकाम. पहिल्या वर्षी मंडळाचे कार्यकर्ते 'पाहुणे' म्हणून गेले. कोणाचे पाहुणे, ते सांगता येईना. दुसऱ्या वर्षी 'डिलिव्हरी' लिहिलं. वरून रहिवाशांचे फोन आले, आम्ही काही मागवलंच नाही. अध्यक्ष म्हणाले, "मागवलं नाही हे खरं, मागायला आलोय." शेवटी गेटवर जो रखवालदार असतो तो आमच्याच मंडळाच्या लेझीम पथकातला. त्याने तोडगा काढला. रविवारी सकाळी कुत्री फिरवायला सगळे खाली उतरतात. तेव्हा गेटबाहेर टेबल मांडा.

ती युक्ती लागू पडली. कुत्र्यांमुळे माणसं थांबतात, आणि थांबलेल्या माणसाकडून वर्गणी घ्यायचं शिक्षण आमच्या भागात बालवाडीपासून मिळतं. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 पासून बसतोय आणि लालबागचा राजा 1934 पासून, त्यामुळे अनुभवाची कमतरता नाही. शिवाय त्यातली निम्मी कुत्री आमच्याच पोरांच्या ओळखीची. चाळीतली दोन पोरं कॉलेजच्या आधी कुत्री फिरवायचं काम करतात. एका हातात पाच-पाच दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला ब्रूनो, कोको, सिंबा वगैरे. हा जथा चाळीसमोरून गेला की आमचा मोत्या पायरीवरून उठतो, त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जातो, आणि एवढे सगळे बांधलेले का, असा चेहरा करून परत येतो.

टॉवरवाल्यांशी आमची दोस्ती खरी जमली ती मात्र पुलामुळे. डिलाईल पूल जुलै 2018 मध्ये धोकादायक म्हणून बंद केला आणि तो पुरता सुरू व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडला. मधल्या काळात जर्मन गाडीतले साहेब आणि आमचा हातगाडीवाला एकाच वळणावर एकाच वेगाने उभे. दोघांनीही काचा खाली केल्या होत्या, म्हणजे साहेबांनी. हातगाडीला काच नसते. पहिलीतलं पोरगं पूल बघायच्या आधी सहावीत गेलं. आमच्यात आणि त्यांच्यात बोलणं सुरू झालं ते ह्याच वळणावर, आणि विषय एकच होता. मुंबईत श्रीमंत-गरीब एकत्र आणण्याचं जे काम समाजसुधारकांना झेपलं नाही, ते एका अर्धवट गर्डरने केलं.

आता आमच्या चाळीचाही पुनर्विकास घाटत आहे. त्यामुळे सध्या नाक्यावर क्रिकेटचा स्कोअर कोणी विचारत नाही, '33-7 की 33-9' असं विचारतात. ही विकास नियमावलीतली कलमं आहेत. पहिलं जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी, दुसरं अनेक इमारती एकत्र करण्यासाठी. ज्या माणसाला स्वतःच्या खोलीचं कुलूप नीट उघडता येत नाही, तो कार्पेट एरिया, कॉर्पस आणि फंजिबलवर तासभर बोलतो. त्यात भर पडली वरळीच्या बीडीडी चाळींची. तिथल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतल्या माणसांना 500 चौरस फुटांची घरं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना चाव्यासुद्धा मिळाल्या. तेव्हापासून आमच्याकडे कोणताही बिल्डर आला आणि 500 च्या खालचा आकडा बोलला, की मावशी चहाचा कप अर्ध्यावरून परत घेतात.

बिल्डरच्या माणसांची सगळी उत्तरं तयार असतात. ती अडतात फक्त चौदा नंबरच्या खोलीपाशी. ही गावकऱ्यांची खोली. आजऱ्याकडच्या एका गावाच्या ग्रामस्थ मंडळाने ती फार पूर्वी भाड्याने घेतली, भाडेपावतीही मंडळाच्या नावावर. गावातून मुंबईत येणाऱ्या प्रत्येक पोराने आधी इथे ट्रंक ठेवायची, मग काम शोधायचं. गिरण्या चालू होत्या तेव्हा तीन पाळ्यांची माणसं तीन पाळ्यांत झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्याच उबदार वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा. गिरण्या गेल्या तेव्हा वाटलं, हे संपलं. पण टॉवर आले आणि त्यांना रखवालदार लागले, दिवसाचे बारा तास, रात्रीचे बारा तास. पाळ्या परत आल्या. तीन होत्या, दोन झाल्या, एवढाच काय तो विकास. आज खोलीत भिंतीवर ओळीने गणवेश टांगलेले असतात, प्रत्येकाच्या खिशावर वेगळ्या टॉवरचं नाव. दुपारी अख्खं 'अप्पर वरळी' चौदा नंबरात घोरत असतं.

तर गेल्या आठवड्यात बिल्डरचा एक तरुण मुलगा टॅबलेट घेऊन चौदा नंबरात आला. रात्रपाळीचे जागे झाले होते, दिवसपाळीचे परतले होते, म्हणजे कोरम पूर्ण होता. ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष गावी असतात, ते फोनवर स्पीकरवरून हजर. मुलाने नव्या घराचा नकाशा दाखवला. ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, हे संडास-बाथरूम घरातच.

"आणि ही मास्टर बेडरूम."

सगळे नकाशावर वाकले.

"मास्टर म्हणजे कोण झोपणार?" एकाने विचारलं.

"जे कुटुंबप्रमुख असतील ते," मुलगा म्हणाला.

मग चर्चा झाली. वयाने मोठा म्हणावा तर तो रात्रपाळीला, त्याला रात्री बेडरूमची गरजच नाही. खजिनदाराने दर महिन्याला चिठ्ठी टाकू असं सुचवलं. एक जण म्हणाला, त्यात आडवे झोपलो तर सहा मावतील, उभे झोपलो तर आठ. दुसऱ्याने विचारलं, ती भिंत घातलीच नाही तर पैसे परत मिळतील का? घरातच संडास असल्यामुळे सकाळची रांग आतल्या आत लागेल, ती बैठकीच्या खोलीतून जाणार की स्वयंपाकघरातून, ह्यावर दोन तट पडले. मुलगा घामाघूम झाला. तो म्हणाला, "ते सगळं तुम्ही नंतर ठरवा. मला फॉर्ममध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव भरायचंय. एकच नाव."

खोली गप्प झाली. फोनमधून अध्यक्षांनी घसा खाकरला. "लिहा," ते म्हणाले. "श्री रवळनाथ."

मुलाने टाइप केलं. "आडनाव?"

"देव आहे तो. ग्रामदैवत."

मुलाने वर पाहिलं. चौदा नंबरातलं कोणीही हसत नव्हतं. त्याने टॅबलेटकडे बघत शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं, की ह्याला आधार लागेल.

"सबंध गावाला त्याचाच आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि सभा जत्रेपर्यंत तहकूब झाली.